कॅनकूनला जाताय ना? मग एक दिवस तरी रिसॉर्टच्या बाहेर पडा, आणि गाईड घेऊन पडा

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुप्समध्ये थँक्सगिव्हिंग जवळ आलं की मेक्सिकोतल्या कॅनकूनच्या पोस्ट सुरू होतात. कुठलं रिसॉर्ट घ्यावं, व्हेज मिळतं का, बीच कसा आहे, मुलांना स्लाइड्स आहेत का. जाऊन आलेल्यांना विचारलं तर उत्तर साधारण एकच, रिसॉर्ट मस्त, पाणी निळंशार, खाणंपिणं अनलिमिटेड. आणि बाहेर काय बघितलं म्हटलं की, अरे बाहेर कशाला, सगळं आतच होतं की.

मला याच्यावर मनापासून लिहायचंय, कारण आम्ही आईबाबांना घेऊन गेलो तेव्हा एक दिवस छोट्या ग्रुपची गाईडेड टूर घेतली आणि त्या एका दिवसाने माझं त्या सगळ्या किनाऱ्याबद्दलचं मत बदललं. (ज्यांचे आईबाबा इकडे येणार आहेत त्यांच्यासाठी, त्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिजिटर व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे घेऊन जाच.)

आधी हे समजून घ्या की कॅनकून हे गाव म्हणून कधी वाढलेलंच नाही, ते ठरवून बांधलंय. १९७० च्या सुमारास तिथे वाळूचा एक लांबलचक पट्टा होता, आत नारळाची बाग आणि तिचे राखणदार, बस. मेक्सिकोच्या सेंट्रल बँकेने डॉलर कुठून आणता येतील याचा अभ्यास केला, किनारे तपासले, हा पट्टा निवडला. पहिली हॉटेलं १९७४ ला उघडली आणि त्याच वर्षी किन्ताना रो, म्हणजे कॅनकून ज्यात येतं ते, राज्य झालं, तोपर्यंत ती नुसती टेरिटरी (केंद्राच्या ताब्यातला प्रदेश) होती. आज तिथे नऊ लाखांच्या आसपास लोक राहतात. हॉटेल झोन म्हणजे सातच्या आकड्यासारखी वीसेक किलोमीटरची चिंचोळी पट्टी, एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला निचुप्ते लगून, आणि तुमची रूम आवरणारी बाई, बारमधला मुलगा, लॉन कापणारे काका हे सगळे पहाटे आर-वन आर-टू बसमध्ये उभे राहून शहरातून त्या पट्टीवर येतात, संध्याकाळी परत जातात. त्यातले कितीतरी युकातान, ताबास्को, चियापासच्या खेड्यांतून आलेले. आपण चार दिवस राहून परत येतो आणि ते शहर आपल्याला दिसतही नाही. आमची व्हॅन सकाळी त्याच शहरातून गेली, गाईडने वाटेत शाळा दाखवली, मार्केट दाखवलं, आणि मला वाटलं की बरं झालं, सुरुवात इथून झाली.

आता टूर कुठली, याच्यावर माझं अगदी ठाम मत आहे. फोर-इन-वन वाली घेऊ नका. तुलुम आणि कोबा (माया या तिथल्या मूळ लोकांच्या जुन्या शहरांचे अवशेष), सेनोटे (जमिनीत उघडलेला पाण्याचा खड्डा), प्लाया देल कारमेन (किनाऱ्यावरचं शहर) सगळं एका दिवसात, बफे लंच इन्क्लुडेड, असं पॅकेज हॉटेलच्या लॉबीत विकायला बसलेले असतात. ओळखीच्या एका कुटुंबाने असंच घेतलं होतं, कंपनीचं नाव नाही घेत, पण पन्नास सीटची बस, पहाटे पिकअप करून मग दोन तास बाकीच्या हॉटेलांतून माणसं गोळा करत फिरली, मधे एका मोठ्या दुकानात तासभराच्या वर थांबवलं, चांदी, ऑब्सिडियनचे (काळ्या ज्वालामुखी काचेचे) मुखवटे, टकीलाची टेस्टिंग, तुमच्या जन्मतारखेचं माया कॅलेंडर छापून देतो म्हणे, आणि तुलुमला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर, हातात पन्नास मिनिटं. काकूंना देऊळ लांबूनच बघावं लागलं कारण तेवढ्या वेळात चालून होईना. पैसे भरून माणसाला असं पळवणं मला अजिबात पटत नाही, विशेषतः ज्येष्ठांना, जे आयुष्यात एकदाच येणार आहेत तिकडे.

म्हणून बुक करताना तीनच गोष्टी विचारा, किती जण असतील, दुकानात थांबणार का, आणि गाईड लायसन्सवाला आहे का, कारण तिकडे सरकारी ओळखपत्र असलेले गाईड असतात, गळ्यात लटकवलेलं असतं. आमच्या व्हॅनमध्ये बारा-तेराच जण होतो. तुलुम आणि एक सेनोटे, जेवण एका गावात, एवढंच.

तुलुमबद्दल. समुद्राच्या काठावर साधारण बारा मीटर उंच कड्यावर बांधलेलं तटबंदीचं शहर. तेराव्या ते पंधराव्या शतकात भरभराटीला होतं, आणि १५१८ मध्ये ग्रिहाल्वा या स्पॅनिश कप्तानाची जहाजं या किनाऱ्याने गेली तेव्हाही लोक राहत होते. फोटोत जे दिसतं ते एल कास्तियो, कड्यावरची मुख्य दगडी इमारत, खाली निळं पाणी. पण गाईडने आम्हाला आधी तिकडे नेलंच नाही. त्याने फ्रेस्कोच्या (भिंतीवरच्या चित्रांच्या) देवळासमोर सावलीत उभं केलं, कोपऱ्यांवर कोरलेले मोठे चेहरे दाखवले, मग उलटा खाली येणारा देव दाखवला, पाय वर डोकं खाली. बाहेर समुद्रात कोरल रीफ आहे, जगातली दोन नंबरची मोठी, त्या रीफमधल्या वाटेतून माया लोकांच्या होड्या आत यायच्या, मीठ, मध, कापूस, जेड यांचा व्यापार चालायचा. म्हणजे हे बंदर होतं! मी आधी यूट्यूबवर बरेच व्हिडिओ बघितले होते, सगळ्यांत ड्रोनने वरून कडा आणि पाणी, बंदराचं कुणी बोललं नव्हतं.

आणि मग आमच्याच ग्रुपमधल्या एका माणसाने तो प्रश्न विचारला जो म्हणे रोज कुणीतरी विचारतं, की मग हे माया लोक गेले कुठे? गाईड शांतपणे म्हणाला, मी आहे ना. तो युकातानमधल्या वायादोलिद शहराच्या बाजूच्या खेड्यातला, पन्नाशीचा, घरात आजीशी माया भाषाच बोलायचा, स्पॅनिश शाळेत शिकला. युकातेक माया बोलणारे आजही साडेसात लाखांहून जास्त लोक आहेत. त्याने १८४७ ला सुरू झालेल्या युद्धाबद्दल सांगितलं, जमिनी आणि कर आणि वेठबिगारी यांच्याविरुद्ध माया शेतकरी उठले, आणि युकातानच्या पूर्वेचा हा सगळा भाग अर्धं शतक जवळजवळ त्यांच्याच ताब्यात होता, मेक्सिकोचं सैन्य १९०१ ला आत घुसलं तेव्हा कुठे ते संपलं असं सरकारने जाहीर केलं. तुलुमच्या याच देवळांत त्या काळातही पूजा चालायची. म्हणजे ज्या किनाऱ्याला आपण बीच डेस्टिनेशन म्हणतो तिथे आपल्या पणजोबांच्या वयाच्या लोकांनी बंदुका घेऊन राज्य केलंय. हे मला कुठल्या रिसॉर्टच्या माहितीपत्रकात दिसलं नाही आणि मला ते फार लागलं. एखाद्या समाजाला संपलेला म्हणून विकायचं आणि त्याच समाजाच्या माणसांकडून टॉवेल धुवून घ्यायचे, हे बरोबर नाही. गाईड मायाच असला पाहिजे असं मी म्हणत नाही, पण तिथला माणूस असला पाहिजे, हे नक्की म्हणेन.

सेनोटे हा माझा सगळ्यात आवडता भाग. युकातानमध्ये नदी नाही, म्हणजे जमिनीवरून वाहणारी नाही. सगळा चुनखडीचा दगड, पाऊस पडला की पाणी सरळ खाली मुरतं आणि खाली बोगदे, गुहा, मैलोन्‌मैल. छप्पर कोसळलं की वर जो खड्डा उघडतो तो सेनोटे. तुलुमच्या आसपासची साक आक्तुन नावाची गुहांची साखळी २०१८ मध्ये जोडून मोजली तेव्हा ३४० किलोमीटरच्या वर भरली. पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांना शॉवर घ्यायला लावतात, सनस्क्रीन धुवून टाकायला. आमच्यातली काही मंडळी कुरकुरली, तेव्हा गाईडने जे समजावलं ते मी विसरणार नाही. इथली जमीन म्हणजे चाळण आहे, वर जे सांडेल ते खाली पिण्याच्या पाण्यात आणि तिथून समुद्रात, रीफवर. हॉटेलांचं सांडपाणी पण. मधे माती नाही, वाळू नाही, गाळणारं काहीच नाही. आणि तो माया ट्रेनबद्दलही बोलला, डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली, तुलुमच्या भागात रूळ जमिनीपासून उंचावरून नेले आणि त्यासाठी लोखंडी खांब गुहांच्या छतातून खाली उतरवले. त्याचा भाऊ त्याच ट्रेनच्या कामावर होता, पगार चांगला मिळाला, आणि ह्याला त्या गुहांचं वाईट वाटतं. दोन्ही गोष्टी त्याने सरळ सांगितल्या, बाजू घेतली नाही. असं बोलणं ऐकायला मिळणं हाच माझ्यासाठी टूरचा पैसा वसूल.

आता बाबांची गोष्ट, खरं तर ही पोस्ट मी याच्यासाठीच लिहायला घेतली. बाबा डहाणूकडचे, घोलवडच्या बाजूला आमची थोडी वाडी. सेनोटेच्या वाटेवर जंगलात एका उंच झाडापाशी बाबा थांबले, पान तोडून बघितलं, चीक बोटावर घेतला आणि मला म्हणाले, चिकू आहे हा. मी म्हटलं बाबा एवढा उंच? आपल्याकडे चिकू म्हणजे डेरेदार, शिडी लावून तोडता येईल असा. गाईड मागे वळला, हो म्हणाला, आणि खोडावरच्या खुणा दाखवल्या, खालपासून वरपर्यंत वाकड्यातिकड्या जुन्या कोयत्याच्या रेघा. चीक काढायच्या. जगभर जे च्युइंगगम खाल्लं गेलं ते आधी या चिकाचं बनायचं, किन्ताना रोच्या जंगलात हजारो माणसं पावसाळाभर दोर कमरेला बांधून झाडांवर चढून हेच काम करायची, दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक गम आला आणि धंदा बसला. त्याचे आजोबा हेच करायचे. याच लाकडाच्या तुळया जुन्या माया देवळांच्या दारांवर घातलेल्या आहेत, हजार हजार वर्षं टिकल्यात.

बाबांनी मग मला मधे घालून त्याला सगळं विचारलं. इथे कलम करता का, तर नाही, बी पडतं आणि येतं. बाबांनी सांगितलं आम्ही खिरणीच्या रोपावर कलम बांधतो, कालीपत्ती जात, घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. झाड मूळचं इथलं, स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्सला नेलं, पुढे आशियात पसरलं आणि आपल्या किनाऱ्यावर आलं, हे बाबांना पुस्तकातून माहीत होतं पण मूळच्या जंगलात उभं राहून हात लावायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बाकीचे लोक पाण्यात होते, हे दोघं तिथेच. आईने शेवटी हाक मारली, अहो, पोरं पोहून बाहेर आली! पन्नास जणांच्या बसमध्ये हे घडलं असतं का, मला नाही वाटत.

जेवणाचं थोडक्यात. कोचिनिता पिबिल हा तिथला नावाजलेला पदार्थ, डुकराचं मांस अचिओते नावाच्या बियांच्या लाल वाटणात केळीच्या पानात गुंडाळून भाजलेलं, आम्ही चौघांपैकी दोघांनी खाल्लं, फार सुंदर होतं. व्हेजवाल्यांनी सिकिल पाक मागा, भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटोची जाडसर चटणी, आपल्या जिभेला लगेच पटते. राजम्यासारखे काळे बीन्स मात्र विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, सिन मांतेका, म्हणजे चरबीशिवाय, असं म्हणायचं. प्यायला हामाइका घ्या, लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. आईला ते एवढं आवडलं की इकडच्या मेक्सिकन दुकानातून सुकी बोंडं आणून ठेवलीयेत.

बाकी काही गोष्टी. एप्रिल ते ऑगस्ट किनाऱ्यावर सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने येऊ शकतं, कुजलं की वास येतो, त्या दिवसांत बीचच्या भरवशावर जाऊ नका, आतले सेनोटे आणि अवशेष तेव्हाही तसेच असतात. चिचेन इत्झाला (माया लोकांच्या पिरॅमिडचं प्रसिद्ध ठिकाण) जाणार असाल तर ते युकातान राज्यात आहे आणि तिथलं घड्याळ कॅनकूनपेक्षा एक तास मागे, शिवाय पिरॅमिडवर चढणं कधीच बंद झालंय, त्यामुळे आईबाबांच्या गुडघ्यांची काळजी तेवढी कमी. तुलुमला आता पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं आणि अवशेषांभोवतीच्या जग्वार पार्कचं वेगळं, टूरच्या किमतीत काय धरलंय ते आधीच लेखी विचारा, नाहीतर गेटवर परत पाकीट काढावं लागतं. आणि सनस्क्रीनपेक्षा फुल बाह्यांचे स्विमशर्ट घ्या सगळ्यांना.

गाईडला टिप द्या, भरपूर द्या, हातात द्या, कारण बुकिंगच्या पैशातून त्याच्यापर्यंत किती पोचतं ते आपल्याला दिसत नाही. पेसो असतील तर उत्तम, डॉलरच्या नोटाही चालतात. फक्त खिशातली अमेरिकन नाणी देऊ नका, ती तिकडच्या बँकेत बदलून मिळत नाहीत.