डिलीट नाही झालं मॅडम, आर्काइव्ह झालंय

आठ दिवस झाले, ऑफिसचा एक जुना मेल शोधतेय आणि आयटीवाल्यांकडून एकच वाक्य ऐकतेय. "डिलीट नाही झालं मॅडम, आर्काइव्ह झालंय." अरे बाबा झालंय ना आर्काइव्ह, मग दाखव की! तर ते नाही. दाखवता येत नाही, उघडता येत नाही, कुठाय ते सांगता येत नाही, पण डिलीट नाही झालं हां, तेवढं मॅडमनी समजून घ्यायचं. दागिने चोरीला नाही गेले हो बाई, फक्त कुणाच्या घरी आहेत ते माहीत नाही, असला प्रकार.

मी बॅलार्ड इस्टेटला एका कस्टम्स ब्रोकरच्या, म्हणजे लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याच्या ऑफिसात आहे, सतरा वर्षं झाली. आमच्याकडे मालापेक्षा कागद जड. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती), बिल ऑफ एंट्री उर्फ बीई (आयात मालाचा कस्टम्सला भरायचा फॉर्म), डीओ (माल सोडायची चिठ्ठी), आणि यातल्या प्रत्येकाच्या मागे पंधरा-वीस मेल. सप्लायर त्याच्या सवडीने रात्री बाराला मेल टाकणार आणि पार्टी, म्हणजे माल मागवणारा आमचा क्लायंट, सकाळी मी डोंबिवली फास्टमध्ये चेंगरलेली असताना फोन करणार, "मॅडम मेल बघितला का?" आणि हे सगळं जपून ठेवायचं हा काही माझा छंद नाहीये, नियमच आहे, कस्टम्स ब्रोकर्स लायसन्सिंग रेग्युलेशन्स २०१८, रेकॉर्ड कमीत कमी पाच वर्षं.

आता झालं काय, आमच्या एका पार्टीला ऑडिटचं पत्र आलं. एप्रिल २०२१ ची एक बिल ऑफ एंट्री, हॅम्बुर्गहून आलेले मशिनरीचे स्पेअर पार्ट. बँकेच्या कागदांत एक इन्व्हॉइस, आमच्या फायलीत दुसरा, नंबर एकच, रक्कम वेगळी. खुलासा करा. मला बघताक्षणी आठवलं, कारण ते कन्साइनमेंट विसरणं शक्यच नाही. २३ मार्च २०२१ ला ते एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं ना, २९ ला सुटलं, तोवर मागे शेकडो जहाजं रांगेत, त्यातल्याच एकावर आमचा माल. पार्टी सप्लायरवर भडकलेली, शेवटी सप्लायरने उशिराचा म्हणून डिस्काउंट दिला आणि माल न्हावा शेवा बंदराला लागायच्या आत रिव्हाइज्ड इन्व्हॉइस पाठवला, मेलमध्ये स्वच्छ लिहिलेलं, आधीचा रद्द समजा, हाच धरा. आम्ही त्याच्यावरच फाइल केलं. म्हणजे खुलासा काय, तो एक मेल. चार ओळींचा मेल. प्रिंट काढून लावला की विषय संपला.

सर्च मारला. काही नाही. सप्लायरच्या नावाने, इन्व्हॉइस नंबरने, बीएल नंबरने, त्या माणसाच्या आडनावाच्या तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी. त्याच पार्टीचे दिवाळीच्या शुभेच्छांचे मेल निघाले, समया आणि रांगोळ्यांसकट. कामाचा एक नाही.

तेव्हा कुठे हे आर्काइव्ह प्रकरण कळलं. तर ऐका. आऊटलूकमध्ये ऑटो आर्काइव्ह म्हणून एक सोय आहे, हल्लीच्या व्हर्जनमध्ये ती आपणहून चालू नसते, कुणीतरी चालू करावी लागते. आमच्याकडे ती केली आयटीच्या कंत्राटवाल्यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, कारण काय तर मेलबॉक्स भरत आले होते. दर १४ दिवसांनी ती चालते आणि जुने मेल उचलून एका फाईलमध्ये नेऊन टाकते, आर्काइव्ह डॉट पीएसटी. ही फाईल सर्व्हरवर नसते, तुमच्याच लॅपटॉपच्या पोटात असते. म्हणजे मेल सर्व्हरवरून गेला, फोनवर दिसणार नाही, ब्राउझरमध्ये दिसणार नाही, फक्त त्या एका डबड्यात. चालण्याआधी विचारू का, असा एक पर्याय असतो, त्याची टिक या शहाण्यांनी काढून ठेवलेली. का? "स्टाफला सारखा पॉपअप येऊन त्रास होतो मॅडम." वा. माझा त्रास वाचवला.

आणि गंमत पुढेच आहे. जुनं म्हणजे किती जुनं हे प्रत्येक फोल्डरला वेगळं. नुसतं चालू करून सोडलं तर इनबॉक्सचे मेल सहा महिन्यांनी जातात आणि सेंटमधले दोनच महिन्यांनी. म्हणजे प्रश्न इकडे, उत्तर तिकडे, नवरा-बायकोची बदली दोन जिल्ह्यांत. त्यात तारीखही सरळ नाही, मेल आल्याची किंवा त्यात शेवटचा बदल झाल्याची, जी नंतरची ती धरतात. म्हणून ते दिवाळीचे मेल वाचले! मी कधीतरी पत्ते काढायला त्यांना रंगीत कॅटेगरी लावली होती, तो बदल धरला, ते तरुण झाले. आणि कामाच्या मेलला मी बोट लावलं नाही, तो म्हातारा झाला म्हणून गेला. जो मेल नीट वाचून, काम करून, शहाण्यासारखा बाजूला ठेवला त्याला ही शिक्षा.

बरं, गेला तर गेला, फाईल तर असेल. फाईल कुठाय? २०२३ ला लॅपटॉप बदलले. आयटीचा मुलगा आला, जुन्यावरून नव्यावर कॉपी लावली. मी समोर बसून चहा पीत होते, मला ते आजही डोळ्यासमोर दिसतंय. हिरवी पट्टी सरकत सरकत गेली आणि मध्येच अडकली, एक चौकोन आला, फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. कारण आऊटलूक चालू होतं ना, ते चालू असलं की पीएसटी धरून ठेवतं. बंद करून परत ट्राय करायचं, एवढंच. याने काय केलं? स्किप. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने स्किप. मी विचारलंही, "काय राहिलं का रे?" तर म्हणे "काय नाय मॅडम, टेम्पररी फाईल असेल." टेम्पररी! माझी अडीच वर्षं त्या फाईलमध्ये होती, मेल्या. दुसऱ्या दिवशी जुना लॅपटॉप फॉरमॅट होऊन बायबॅकमध्ये गेला. आज तो कुठे असेल देव जाणे, कुणाचा तरी मुलगा त्यावर गेम खेळत असेल.

आयटीला फोन केला. तो मुलगा सोडून गेलाय, आता दुसरा आहे, आणि वाक्य त्याचंच, "डिलीट नाही झालं मॅडम." मी म्हटलं सर्व्हरवरून डिलीट झालेलं परत आणता येतं ना? येतं म्हणे. १४ दिवसांपर्यंत, अ‍ॅडमिनने वाढवलं असेल तर ३०. मी २०२१ चं विचारतेय रे बाळा. मग बॅकअप? बॅकअप सर्व्हरचा आहे मॅडम, सर्व्हरवर जे आहे त्याचा. आणि सर्व्हरवर काय नाहीये? जे तुम्ही ऑटोमॅटिक उचलून माझ्या लॅपटॉपवर टाकलंत ते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सरांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणतात, "पण हल्ली सगळं क्लाउडवर असतं ना?" सर, पावसाळ्यात असतात क्लाउड, त्यांच्यावर आपले मेल नाहीत.

सप्लायरला मेल टाकला, बाउन्स झाला, तो माणूस कंपनी सोडून गेला. पार्टीच्या परचेसवाल्याला फोन केला, म्हटलं तुम्हालाही सीसी होती, बघा ना जरा. अर्ध्या तासाने त्याचा फोन. "मॅडम, आमच्याकडे पण आर्काइव्ह झालंय वाटतं." मी फोन ठेवला आणि खाली जाऊन दोन कटिंग लागोपाठ प्यायले.

इथे आमच्या डॉक्युमेंटेशनच्या काकांबद्दल सांगायला हवं. काका प्रत्येक मेलची प्रिंट काढतात. प्रत्येक. पंच मारतात, बॉक्स फाईलला लावतात, वर निळ्या पेनाने जॉब नंबर. आम्ही सगळे किती हसायचो त्यांना, "काका, झाडं वाचवा", "काका, ओके थँक्सची पण प्रिंट?" काका काही बोलायचे नाहीत. तर मी खाली मान घालून गेले त्यांच्याकडे. त्यांनी एका मिनिटात फाईल काढली, घड्याळ लावून एक मिनिट. आणि उघडली तर मार्च २०२१ संपतो आणि त्याच्यामागे डायरेक्ट ऑगस्ट. कारण एप्रिलला कोविडचं ब्रेक द चेन, म्हणजे परत निर्बंध, सुरू झालं, काका साठीच्या पुढचे, वसईला घरी बसले, पुढे तर लोकलही फक्त अत्यावश्यकवाल्यांना. सतरा वर्षांत ते चार महिने प्रिंट निघाली नाही, आणि मला मेल हवाय तो नेमका त्यातला. माझं नशीबच असं.

मग शनिवारी रात्री मला आठवलं, १५ ऑगस्ट २०२१. दोन डोसवाल्यांना लोकल सुरू झाली तेव्हा लॅपटॉप ऑफिसला परत न्यायचा म्हणून मी सगळं घरच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकून ठेवलं होतं! माळ्यावर चढले, लेकीच्या जुन्या दप्तरात सापडली. लावली. आर्काइव्ह डॉट पीएसटी आहे! डबल क्लिक केलं तर उघडत नाही, फाईल खराब. बहुतेक तेव्हा घाईत केबल उपटली असणार, ते मात्र माझं पाप, मान्य.

खराब पीएसटीला दुरुस्त करायचं एक टूल असतं, स्कॅनपीएसटी. ते मेन्यूत वगैरे नसतं, ऑफिसच्या प्रोग्रॅम फाईल्सच्या आत आत आत कुठेतरी असतं, ते शोधण्यातच माझा तास गेला. चालवलं. ८ फेज असतात त्याच्या. पहिल्या दोन भराभर, तिसरीवर एवढा वेळ की मी इडलीचं पीठ वाटून परत आले तरी तिसरीच. नवरा म्हणतो "अगं सोड ना, कंपनीचं काम आहे, रविवारी कशाला." मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. तो उठून खाली गेला.

दुपारी तीनला झालं. उघडली. सेंट आयटम्समध्ये सगळं होतं, मे, एप्रिल, एप्रिलची ९ तारीख, माझाच रिप्लाय, त्याच सप्लायरला, त्याच इन्व्हॉइस नंबरने! जोरात ओरडले मी. उघडला. "नोटेड. विल फाइल बीई ऑन रिव्हाइज्ड इन्व्हॉइस. रिगार्ड्स." संपलं. खाली ट्रेल नाही. त्याचा मेल माझ्या रिप्लायच्या खाली असायला हवा होता ना? तो मी काढला होता. मी स्वतः. कारण याच आयटीवाल्यांचा त्या सुमारास एक फतवा होता, रिप्लाय करताना खालचं ट्रेल काढून टाका, मेलबॉक्सची साइज वाढते.

बरं मग इनबॉक्स बघितला तर फेब्रुवारीला संपतो. पहिल्यांदा वाटलं टूलने खाल्ला. मग बसून बोटांवर मोजलं. सेंटला दोन महिने, इनबॉक्सला सहा. म्हणजे मी ऑगस्टला कॉपी घेतली तेव्हा माझा रिप्लाय आर्काइव्हमध्ये जाऊन पडला होता आणि त्याचा मेल अजून सर्व्हरवर सुखात होता. तो गेला ऑक्टोबरला. लॅपटॉपवरच्या फाईलमध्ये. ज्या फाईलला आयटीच्या त्या मुलाने स्किप मारला. दोन महिने उशिरा कॉपी घेतली असती तर मिळाला असता, इतका हिशोब सरळ आहे की अजूनच डोकं फिरतं. गहाळ कसा झाला ते तारीखवार सांगू शकते मी आता, फक्त मेल तेवढा नाही.

सोमवारी पार्टीच्या कन्सल्टंटला तोच अर्धा मेल पाठवला. तो म्हणाला, "चालवून बघू, पण ओरिजिनल मिळाला असता तर बरं झालं असतं." हो का? मला सुचलंच नव्हतं.

तेव्हा मी काय केलं, सेटिंगमध्ये जाऊन ऑटो आर्काइव्ह बंद केलं, माझं, काकांचं, सरांचं, रिसेप्शनवरच्या मुलीचं, कुणाला न विचारता. त्यांनी विचारलं होतं का मला? आणि आज सकाळी सव्वा दहाला आयटीकडून मेल. तुमचा मेलबॉक्स ९० टक्के भरला आहे, कृपया जुने मेल आर्काइव्ह करावेत. मी त्याची प्रिंट काढली आणि काकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. काकांनी चष्मा वर करून वाचली, पंच मारला आणि विचारलं, "कुठल्या जॉबला लावू गं हे?"