‘ने’, ‘नाही’ आणि माझा हास्यास्पद लेख

नमस्कार व्याकरणप्रेमी,

टोपणनावावरून तुम्ही श्री. की श्रीमती हे कळत नाही, म्हणून नुसताच नमस्कार. लिथुएनियन भाषेत नकारार्थी वाक्यं कशी करतात या माझ्या लेखाखाली परवा रात्री तुम्ही जे लिहिलंत, त्याला तिथल्या तिथे चार ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं. पण पोळ्या लाटता लाटता उत्तर वाढत गेलं, दोन पोळ्या करपल्या, आणि आता त्याचा लेखच झालाय. ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते:

“लेख वाचला. हौशी लोकांनी व्याकरणावर लिहिण्याआधी निदान एखादं पुस्तक नीट वाचावं. क्रियापदाला ‘ने’ चिकटवला की झाला नकार, आणि तो आपल्या ‘नाही’सारखाच, हे हास्यास्पद आहे. कर्म षष्ठीत जातं हा खरा गाभा, तो तुम्ही एका वाक्यात गुंडाळलात. ‘नेरा’बरोबर येणारं नाम नेहमीच षष्ठीत असतं हे विधान सरळ चूक. ‘सि’चा उल्लेखही नाही. ‘नेरा’ हा शब्द तर एका ठिकाणी तोडून लिहिलाय.”

आधी शेवटचं. हो, ‘ने इरा’ असं दोन तुकड्यांत छापलं गेलं होतं. ‘इरा’ म्हणजे आहे, त्याला ‘ने’ लागला की दोन्ही एकजीव होऊन ‘नेरा’ होतं, आणि ते जोडूनच लिहायचं. चूक माझी, दुरुस्त केली, आभार. चूक मान्य करायला मला कधीच जड जात नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे.

आता ‘हौशी’.

२०१६ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही लिथुएनियाच्या राजधानीत, व्हिल्नियसला आलो. मुलगी तीन वर्षांची. पहिल्या उन्हाळ्यात एक दिवस जिन्याच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला: ‘रितोय कार्श्तो वांदेन्स नेबुस’. रितोय म्हणजे उद्या, एवढं येत होतं. पाण्याला ‘वांदुओ’ म्हणतात हेही पाठ होतं. पण ‘वांदेन्स’? शब्दकोश घेऊन जिन्यात उभी राहिले, ‘व’ची पानं दोनदा उलटली, ‘वांदेन्स’ कुठेच नाही. मला वाटलं कोणा माणसाचं आडनाव असेल, श्री. वांदेन्स उद्या येणार असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या डोक्याला शाम्पू लावलेला आणि नळाला बर्फासारखं पाणी. ‘उद्या गरम पाणी नसेल’ असं लिहिलं होतं. ‘बुस’ म्हणजे असेल, ‘नेबुस’ म्हणजे नसेल. आणि जे नसेल ते षष्ठीत गेलं, म्हणून वांदुओचं वांदेन्स झालं. इथल्या पुष्कळ इमारतींना गरम पाणी शहराच्या सामाईक यंत्रणेतून येतं, उन्हाळ्यात तिच्या नळवाहिन्यांची तपासणी करतात आणि तेवढ्यापुरतं ते बंद ठेवतात.

सांगायचा मुद्दा, षष्ठीचं महत्त्व मला पुस्तकातून कळलेलं नाही. ते डोक्यावर ओतून घेतलंय. तेव्हा “खरा गाभा” कुठला हे तुम्ही मला शिकवावं याची मौज वाटते.

त्यानंतर संध्याकाळचे वर्ग केले, दोन हिवाळे. बाहेर उणे पंधरा, मुलगी घरमालकीण आजींकडे, आणि मी बाकावर बसून सात विभक्त्या घोकतेय. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी इथे राज्यभाषेची परीक्षा द्यावी लागते, ती २०२२ साली पहिल्या फटक्यात सुटले. मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत मी लिथुएनियनमध्ये भांडते. याला तुम्ही हौस म्हणत असाल तर म्हणा बापडे.

आणि हौशी माणसांचं या भाषेवर थोडंथोडकं ऋण नाही. १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं रशियाच्या झारशाहीने लिथुएनियन मजकूर रोमन लिपीत छापायलाच बंदी घातली होती. त्या काळात पुस्तकं शेजारच्या जर्मन प्रशियात छापायची आणि रात्रीची सीमेपार चोरून आणायची. हे काम करणाऱ्यांना ‘क्नीगनेशीस’ म्हणतात, म्हणजे पुस्तकं वाहणारा. त्यातले कितीतरी साधे शेतकरी होते. त्यांना कोणी विचारलं नाही की बाबा रे, तू व्याकरण नीट वाचलंयस का. योनास याब्लोन्स्किस यांचं ‘लिथुएनियन भाषेचं व्याकरण’ १९०१ साली प्रशियातल्याच टिल्सिट गावी छापलं गेलं, तेही याच बंदीच्या काळात, आणि त्यावर नाव होतं पेत्रास क्रियाउशाइतिस. टोपणनाव! ते भाषाशास्त्र शिकलेले होते, हौशी नव्हते, कबूल. पण टोपणनाव घ्यायला त्यांच्याकडे निदान झारचं कारण होतं. तुमच्यामागे कोण लागलंय?

असो. आता त्या एका वाक्याकडे येते, कारण झोप त्यानेच उडवली. “आपल्या ‘नाही’सारखाच, हे हास्यास्पद आहे.” मतभेद आहे म्हणा, अपुरं आहे म्हणा. हास्यास्पद?

पहिली गोष्ट, ‘सारखाच’ हा शब्द माझा नाही. मी लिहिलं होतं की मराठी माणसाला हा नकार परका वाटू नये. कारण उघड आहे. संस्कृतातला ‘न’ आणि हा ‘ने’ एकाच मूळ घराण्यातले. ‘न’ आणि ‘अस्ति’ मिळून ‘नास्ति’, तसंच ‘ने’ आणि ‘इरा’ मिळून ‘नेरा’. मराठीतही बघा, मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. आपलं ‘नाही’ हे दगडासारखं पडून राहणारं अव्यय नाही, ते क्रियापदासारखं चालतं. लिथुएनियनमध्येही मी नाही म्हणजे ‘नेसु’, तू नाहीस म्हणजे ‘नेसि’, तो नाही म्हणजे ‘नेरा’. मी नव्हतो, तो नव्हता याला त्यांचं ‘नेबुवाउ’, ‘नेबुवो’. हे ज्याला हास्यास्पद वाटतं त्याने आपली स्वतःची भाषा कधी थांबून ऐकली आहे का?

तुम्ही म्हणाल, मराठीत ‘जात नाही’ म्हणताना नकार मागून येतो आणि सुटा राहतो, तिकडे तो पुढून येऊन चिकटतो. बरोबर. ते मूळ लेखात आहे, तिसऱ्या परिच्छेदात. वाचलंत ना लेख?

दुसरी गोष्ट जास्त मजेची आहे आणि ती लेखात घालायची राहून गेली होती, तुमच्या रागामुळे आठवली. आपल्याकडे ‘नाही’च्या जोडीला ‘नव्हे’ आहे. ‘घरात पुस्तक नाही’ आणि ‘हे पुस्तक नव्हे, वही आहे’. हल्ली बोलताना सगळीकडे ‘नाही’च चालतं, पण माझी आजी हा फरक कटाक्षाने पाळायची, ‘ही भाकरी नाही’ म्हटलं की “मग कुठे गेली?” म्हणून विचारायची. लिथुएनियन माणूसही हे दोन नकार वेगळे ठेवतो, फक्त त्याची खूण नामावर असते. डॉक्टर म्हणजे ‘गीदीतोयास’. ‘गीदीतोयो नेरा’ म्हणजे डॉक्टर नाहीत, आलेले नाहीत, उद्या या. इथे डॉक्टर षष्ठीत गेले. आणि ‘यिस नेरा गीदीतोयास’ म्हणजे तो डॉक्टर नव्हे. इथे डॉक्टर प्रथमेतच ठाम बसलेत. नुसतं ‘यिस ने गीदीतोयास’ म्हटलं तरी चालतं, ‘ने’ सुटा ठेवून. जिथे आजी ‘नाही’ म्हणाली असती तिथे षष्ठी, जिथे ‘नव्हे’ म्हणाली असती तिथे प्रथमा. आता सांगा, तुलना हास्यास्पद की तुम्ही ती पुरती केलीच नाहीत?

हां, यावरून तुमचा तो ‘नेहमीच’वाला आक्षेप बरोबर ठरतो हे माझ्या लक्षात आलंय. लेखात मी उदाहरणं सगळी अस्तित्वाचीच दिली होती आणि त्यांना नियम लागू पडतो. ‘नेहमीच’ शब्द काढला आहे. पुढे जाऊ.

कर्माचं म्हणाल तर ते एक वाक्य मुद्दाम एकच होतं. ‘गेर्यु कावा’, मी कॉफी पिते. ‘नेगेर्यु कावोस’, मी कॉफी पीत नाही. द्वितीयेतली कॉफी नकार आल्याबरोबर षष्ठीत गेली. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी याहून जास्त सांगितलं तर तो पळून जातो, हे मी माझ्या नवऱ्यावर प्रयोग करून पाहिलंय. (जाता जाता: द्वितीयेतल्या ‘कावा’च्या शेवटच्या अक्षराखाली एक शेपटी लिहितात, तिला ‘नोसिने’ म्हणतात. एकेकाळी तिथे नाकातला उच्चार होता, आता नुसता दीर्घ स्वर उरलाय. आपण १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार पुसून टाकले, त्यांनी शेपट्या जपल्या. मला शेपट्या आवडतात.) आणि खोलात जायचंच असेल तर तुम्हीही अर्ध्यावरच थांबलात. ‘नेनोर्यु पिर्कती माशिनोस’, मला गाडी घ्यायची इच्छा नाही. नकार लागलाय ‘इच्छिणे’ला, पण षष्ठीत गेली ती त्याच्या पलीकडच्या ‘घेणे’चं कर्म असलेली गाडी. हे तुमच्या प्रतिक्रियेत नाही. मी त्यावरून तुम्हाला हौशी म्हटलं का?

आता ‘सि’. तो लागणारी, म्हणजे क्रिया कर्त्याच्या स्वतःकडेच वळवणारी क्रियापदं ही पुढची स्टेशनं आहेत, म्हणून घेतली नव्हती. एक उदाहरण देते, तुमच्याच आवडत्या शब्दावरून. ‘युओक्यासि’, तो हसतो. ‘नेसियुओक्या’, तो हसत नाही. शेपटाकडचा ‘सि’ नकार आला की उडी मारून ‘ने’ आणि धातूच्या मध्ये येऊन बसतो. झालं समाधान?

तुम्ही ज्याचा उल्लेखही केला नाही, आणि माझ्या मते नकारातली खरी मेख जिथे आहे, ते म्हणजे ‘बे’. आमच्या घराजवळ बेकरी होती. राईच्या पिठाचा काळा पाव तिथे फार चांगला मिळतो असं घरमालकीण आजींनी सांगितलं. मी सहा वाजता कामावरून येताना गेले. काचेच्या कपाटात दोन बन आणि पावाचा चुरा. बाईंना म्हटलं, पाव? त्या फडका फिरवत, वर न बघता म्हणाल्या, “नेबेरा.” मी ऐकलं ‘नेरा’. नाही. म्हणजे इथे मिळत नाही. आजींचं वय झालंय, दुसरी कुठली तरी बेकरी सांगायची असेल, असा मी समज करून घेतला आणि तीन आठवडे सुपरमार्केटातला रबरी पाव खाल्ला. ‘नेबेरा’ म्हणजे होता, आता उरला नाही. संपला हो, सकाळी या! ‘नेदिर्बा’ म्हणजे काम करत नाही, ‘नेबेदिर्बा’ म्हणजे पूर्वी करायचा, आता करत नाही. एवढीशी दोन ओठांमधली ‘बे’, तिच्यात अख्खा भूतकाळ. आपल्याला त्यासाठी ‘आता’ लागतं, ‘राहिला’ लागतं, ‘उरला’ लागतं.

एका नकारावर न भागणारी वाक्यंही राहिली. ‘निएकास निएकादा निएको नेसाको’, शब्दशः ‘कोणी-नाही कधी-नाही काही-नाही सांगत-नाही’. चारही नकार हवेतच, एकमेकांना खोडत नाहीत. मराठीत ‘कोणी कधी काही सांगत नाही’ म्हणून एका ‘नाही’त सगळं उरकतं. इथे मात्र तुलना खरंच तुटते. हे जर तुम्ही दाखवलं असतंत तर मी स्वतःहून कान पकडले असते. पण तुम्ही शब्द तोडून लिहिला तिथे अडकलात.

तुम्हाला इतकं येतं तर लिहा ना मराठीत. खरंच लिहा. मी पहिली वाचेन, आणि प्रतिक्रिया माझ्या नावाने देईन.

मूळ लेखात आता ‘नेरा’ जोडून आहे, ‘नेहमीच’ गेलं आहे, डॉक्टरांची दोन वाक्यं आणि ‘सि’चं एक उदाहरण घातलं आहे. खाली ‘एका वाचकाच्या सूचनेवरून’ असं लिहिणार होते, ते लिहून खोडलं, मग पुन्हा लिहिलं. सध्या आहे. बेकरी साडेसातला उघडते, त्यामुळे बाकीच्या प्रतिक्रियांना उत्तरं उद्या दुपारनंतर.