साहेब चांगले, खालचे खराब

आमच्या तालुक्यातल्या एका मल्टिस्टेट पतसंस्थेचं शटर पडलं त्याला आता दोन वर्षं होतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या एफडीची पावती घेऊन तिथं उभा होतो. तीनेकशे माणसं. कुणाची लेकीच्या लग्नाची ठेव, कुणाचे रस्त्यात गेलेल्या रानाचे पैसे, कुणाचा आयुष्यभराचा फंड. शिव्या चालू होत्या. मॅनेजरला, कॅशियरला, पिग्मी गोळा करणाऱ्या पोराला सुद्धा. चेअरमनला मात्र एकही नाही. माझ्यापुढं धोतर-टोपीतले एक आजोबा होते, अकरा लाख अडकलेले. मला म्हणाले, "शेठला यातलं काहीच माहीत नसंल बघा. देवमानूस हाय. खालच्यांनी खाल्लं."

मला हसू आलं नाही. कारण घरून निघताना मी आईला हेच सांगून आलो होतो.

हिटलरच्या जर्मनीत लोकांच्या तोंडी एक वाक्य असायचं, "हे फ्यूररला (म्हणजे हिटलरला) कळलं तर!" गावातला पक्षाचा पुढारी पैसे खातोय, दुकानात लोणी मिळत नाही, तरी लोक म्हणायचे, वर कळू द्या, मग बघा. रशियातले शेतकरी झारबद्दल पिढ्यान् पिढ्या तेच बोलत आले, झार चांगला, सरदार वाईट. हुकूमशहाला लोक भितात म्हणून त्याचं ऐकतात असं आपण धरून चालतो. पोलीस आणि तुरुंग असतातच, नाही कोण म्हणतं? पण त्याआधी आपण आपलं काहीतरी त्याच्यावर लावून बसलेलो असतो. पैसा म्हणा, शब्द म्हणा, त्याच्यापायी सख्ख्या भावाशी केलेलं भांडण म्हणा. आता तो खोटा निघाला तर येडे आपण ठरतो. त्यापेक्षा खालचे खराब हे बरं पडतं.

माझंच सांगतो. बँक सात टक्के द्यायची तेव्हा हे बारा द्यायचे. पाच लाखाच्या ठेवीवर मिक्सर. सप्त्याला शेठची पंगत, दुष्काळात शेठचे टँकर. पण आईला पटलं ते वेगळ्याच गोष्टीवर. बँकेत तिला "मावशी, फॉर्म नीट भरून आणा" म्हणून दोनदा परत पाठवलं होतं. इथं पोरगं उठून खुर्ची द्यायचं, चहा मागवायचं. माझा एक मित्र बँकेत कारकून आहे. तो म्हणाला, "एवढं व्याज कुठून द्यायलेत रे हे? काढून घे." मी त्याला म्हणालो, आपला माणूस पुढं चाललाय तर तुझ्या का पोटात दुखायलंय? सहा महिने बोललो नाही त्याच्याशी. कुणी मला धाक घातला नव्हता, की बंदूक दाखवली नव्हती.

सत्तेवर बसवायचं काम तर बहुतेक वेळा वरचे शहाणेच करतात. 1928 मध्ये नाझींना तीन टक्केही मतं नव्हती. मंदी आली, साठ लाखांच्या आसपास लोक बेकार झाले आणि जुलै 1932 मध्ये मतं 37 टक्क्यांवर गेली. नोव्हेंबरात परत 33 वर घसरली. म्हणजे उतरती कळा लागली होती, आणि नेमकं तेव्हाच, 30 जानेवारी 1933 ला, हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान केलं. मंत्रिमंडळात त्याला धरून नाझी तिघेच. दोन महिन्यांत त्याला कोपऱ्यात असा दाबतो की चीं चीं करेल, असं त्याला खुर्चीवर बसवणारे पुढारी फॉन पापेन सांगत फिरत होते. दोन महिने भरायच्या आत, 23 मार्चला, संसदेनं 444 विरुद्ध 94 मतांनी आपले अधिकार त्याच्या हवाली केले. मुसोलिनीच्या 1922 च्या 'रोमवर चाल'चा केवढा गाजावाजा! तो स्वतः मिलानहून रेल्वेच्या स्लीपरमध्ये झोपून आला. त्याला अडवायला काढलेल्या मार्शल लॉच्या हुकमावर इटलीच्या राजानं सहीच केली नव्हती. "याला आपण वापरून घेऊ" म्हणणारे आपल्याकडं दर निवडणुकीला दिसतात, त्यांच्यावर आणखी शाई घालवत नाही.

मला छळतं ते नंतर लोकांनी आपल्या हातानं काय काय दिलं ते. 1938 मध्ये जर्मनीत गरिबाच्या मोटारीची योजना निघाली. आठवड्याला पाच मार्कांचं तिकीट घ्यायचं, वहीत चिकटवायचं, 990 मार्क झाले की गाडी दारात. आमच्या पिग्मीसारखंच. सुमारे 3 लाख 36 हजार लोकांनी तिकिटं चिकटवली. युद्ध लागलं, कारखान्यातून लष्कराच्या गाड्या निघू लागल्या आणि यातल्या एकालाही गाडी मिळाली नाही. युद्धानंतर लोक कोर्टात गेले. तडजोड व्हायला 1961 उजाडलं, तीही नव्या गाडीवर सूट किंवा थोडीफार रोकड. हे मी आमच्या ठेवीदारांच्या ग्रुपवर टाकलं तर एकानं विचारलं, "म्हंजी आपलं आनखी वीस वर्षं का?"

इटलीचं तर त्याहून पुढचं. अ‍ॅबिसिनियावरच्या (आजच्या इथिओपियावरच्या) युद्धापायी निर्बंध लागले, तेव्हा 18 डिसेंबर 1935 ला मुसोलिनीनं बायकांकडून लग्नाच्या अंगठ्या मागितल्या. राणी एलेनानं पहिली दिली. एकट्या रोममध्ये अडीच लाखांच्या वर जमल्या आणि बदल्यात लोखंडी वळी मिळाली. इटालियनमध्ये लग्नाच्या अंगठीला आणि श्रद्धेला शब्द एकच, फेदे. आपल्याकडं दुष्काळात पाटल्या जातात, डोरलं जातं, मंगळसूत्र सगळ्यात शेवटी. ते मोडलेली बाई म्हातारपणापर्यंत त्याची गोष्ट सांगते. जिनं ते काढून दिलं, तिनं कोणत्या तोंडानं म्हणावं की हा माणूस खोटा होता?

हे काही परमुलखातलंच नाही. माझी आजी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात वाढली. रझाकारांच्या धास्तीनं तिच्या माहेरचं घर रात्रीतून रिकामं झालेलं. तरी ती म्हणायची, "निजाम बरा व्हता, रझाकारांनी घात केला." खुद्द निजामानंही हीच पळवाट धरली. 1948 च्या पोलिस अ‍ॅक्शननंतर आठवड्याभरात त्यानं रेडिओवर सांगितलं की एका छोट्या टोळीनं हिटलरी पद्धतीनं राज्य बळकावलं होतं, आपला इलाज नव्हता. टोळीचा म्होरक्या कासीम रझवी, लातूरला वकिली केलेला माणूस. तो तुरुंगात गेला, 1957 मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. निजाम 1950 पासून 1956 पर्यंत राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा. आणि ज्यांनी कधी काठीसुद्धा उचलली नव्हती अशा कितीतरी गरीब मुसलमानांनी त्या धामधुमीत रझाकारांची किंमत मोजली. त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीच्या अहवालात ते आहे, 17 सप्टेंबरच्या मुक्तिदिनाच्या भाषणांत नसतं.

माझे मामा रिटायर्ड गुरुजी. त्यांचं ठरलेलं वाक्य, "एकदा हुकूमशहाच पाहिजे. आणीबाणीत तहसीलमधला साहेब साडेदहाच्या ठोक्याला खुर्चीत असायचा." खरं असेल. पण त्याच काळात त्यांच्या शाळेला नसबंदीच्या केसेसचा कोटा होता आणि मामा रात्री कंदील घेऊन वस्त्यांवर माणसं गाठत फिरायचे, हे मला मामींनी सांगितलं. मामांच्या तोंडून मी ते आजवर ऐकलेलं नाही. मल्टिस्टेटमध्ये त्यांचे नऊ लाख आहेत.

परवा चेअरमनला तारखेला आणलं. आम्ही चाळीसेक ठेवीदार कोर्टाच्या गेटवर होतो, घोषणा काय द्यायच्या ते आदल्या रात्री ग्रुपवर ठरलं होतं. गाडी थांबली. शेठ उतरले, वजन उतरलेलं, शर्ट तसाच पांढराफेक. गर्दीकडं बघून त्यांनी हात जोडले. घोषणा कुणाच्याच तोंडातून निघेना. बाजूला बघतो तर मामांचे हात जोडलेले.

माझे मी खिशात घालून ठेवले होते.