'यूआरएल म्हणजे नुसती स्ट्रिंग' म्हणे!

"यूआरएल शेवटी स्ट्रिंगच. अख्खी डिकोड करा, मग ?, & आणि = वर स्प्लिट मारा, झालं काम." जावास्क्रिप्टमध्ये यूआरएल (वेबपत्ता) वाचण्याबद्दलचा हा मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय, आणि आता टीममधल्या नव्या मुलीने तो तुकडा जसाच्या तसा कोडमध्ये चिकटवलाय. तेव्हा बोलायलाच हवं.

आधी डिकोड, मग स्प्लिट? इथेच सगळं फसतं. यूआरएलमध्ये काही चिन्हं %26 सारख्या कोडात लिहितात; डिकोड म्हणजे त्यांचं मूळ चिन्ह करणं, स्प्लिट म्हणजे चिन्हावर तोडणं. समजा क्वेरीत (यूआरएलच्या ? नंतरच्या भागात) नाव=क%26भूमिका%3Dअ‍ॅडमिन असं आलं. हा एकच पॅरामीटर (नाव=व्हॅल्यू अशी जोडी) आहे. %26 हे त्याच्या व्हॅल्यूतलं अक्षर. आधी डिकोड केलंत की %26 चा & आणि %3D चा = होतो, आणि स्प्लिटच्या हाती 'भूमिका' नावाचा दुसराच पॅरामीटर लागतो. सर्व्हरला एक दिसतो, तुमच्या पानाला दोन. असल्या फटीतूनच लोक आत शिरतात.

वेबची मानकं ठरवणाऱ्या वॉटडब्ल्यूजी गटाच्या यूआरएल स्टँडर्डमध्ये क्रम स्वच्छ लिहिलाय: & वर तोडा, प्रत्येक तुकडा पहिल्या = वर तोडा, + ची स्पेस करा आणि मग डिकोड. 'पहिल्या' हे महत्त्वाचं. == ने संपणारं बेस64 टोकन (अक्षरं, अंक आणि +, / यांत लिहिलेली लॉगिनची किल्ली) साध्या स्प्लिटने तोडून दुसरा तुकडा, म्हणजे [1], घेतला, की शेवटची दोन्ही चिन्हं गायब. शिवाय कुणी सूट=50% असं कच्चं लिहिलं, तर जावास्क्रिप्टचं डिकोडयूआरआयकम्पोनंट फंक्शन थेट यूआरआयएरर ही एरर फेकतं. ब्राउझरचं क्वेरी वाचायचं तयार साधन, यूआरएलसर्चपॅराम्स, तो % मुकाट्याने तसाच ठेवतं. आणि लोकेशन.एचरेफ (पानाची अख्खी यूआरएल) तोडत बसलात तर # नंतरचा भागही शेवटच्या व्हॅल्यूला चिकटून येतो; लोकेशन.सर्चमध्ये (फक्त क्वेरीत) तो नसतोच.

"यूआरएलसर्चपॅराम्स प्लस खातं." बरं, हे अर्धं खरं. कच्च्या + ची ते स्पेस करतं, त्यामुळे बेस64 बिघडतं. पण चूक पाठवणाऱ्याची: त्याने %2B पाठवायला हवं होतं. आणखी एक खोड मेसेजवाल्याला माहीतही नसावी: यूआरएल ऑब्जेक्टच्या सर्चपॅराम्सवर एक पॅरामीटर सेट केलात, तरी अख्खी क्वेरी नव्याने लिहिली जाते आणि जुने %20 (स्पेसचे कोड) सगळे + होतात. सही केलेल्या (म्हणजे एक अक्षर बदललं तरी अमान्य होणाऱ्या) लिंकची सही तिथेच मोडते.

"लिंक बनवताना एन्कोडयूआरआय पुरे." नाही. चिन्हांचे %-कोड करणारं ते फंक्शन &, =, +, # यांना हातच लावत नाही. प्रत्येक व्हॅल्यूला वेगळं एन्कोडयूआरआयकम्पोनंट लावा.

"एचटीटीपीएस आहे, टोकन क्वेरीत चालतं." वाटेत सुरक्षित, कबूल. पण ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ते उघडं पडतं. विनंतीसोबत पण यूआरएलबाहेर जाणारं ऑथरायझेशन हेडर त्यासाठीच आहे.