आधी गटार, मग पायवाट

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने दोन फोटो जोडून टाकले. डावीकडे आइबझे, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत उंच शिखराच्या, त्सुगश्पित्झच्या पायथ्याचं हिरवंनिळं तळं. उजवीकडे आपला रंकाळा, काठाला शेवाळाची साय धरलेला. खाली एकच ओळ: ‘कोल्हापूर असं कधी होणार?’

त्यावर दोन दिवस धुमश्चक्री चालली. एका गटाचं म्हणणं, निधी आणा, काठाने ट्रॅक करा, दिवे लावा, कारंजी बसवा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, अजिबात हात लावू नका, सुशोभीकरण म्हणजे ठेकेदाराचं पोट. एक जण नेहमीप्रमाणे ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ असं टाकून झोपी गेला. शेवटी कुणीतरी मला त्यात ओढलं: ‘भावा, तू तिथंच हायस न्हवं? सांग की, त्यांनी काय केलंय.’

म्युनिकला येऊन मला अकरा वर्षं झाली. इथून तास-दीड तासाच्या अंतरात इतकी तळी आहेत की रविवारी ‘कुठे जायचं’ असं कुणी विचारत नाही, ‘कुठल्या तळ्यावर’ असं विचारतात. तेव्हा बोलायचा थोडाफार हक्क आहे. पण माझं उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं, आणि दोन्ही गटांना ते आवडलंही नसतं.

पहिली गंमत अशी, की फोटोतलं ते आइबझे खाजगी आहे. अख्खं तळं काठावरच्या हॉटेलवाल्या कुटुंबाच्या मालकीचं. तरीही त्याच्याभोवतीचा साडेसात किलोमीटरचा फेरा कुणीही मारू शकतो. तिकीट नाही, फाटक नाही, वॉचमन नाही. पैसे लागतात ते फक्त गाडी लावायचे. आपल्याकडे खाजगी तळं म्हटलं की पहिल्यांदा पत्र्याचं कुंपण डोळ्यांपुढे येतं, मग ‘रिसॉर्टच्या पाहुण्यांसाठीच’ अशी पाटी.

इथे तसं होत नाही याचं कारण बव्हेरिया राज्याच्या घटनेत आहे. १९४६ सालची ही घटना, युद्धाच्या ढिगाऱ्यात बसून लिहिलेली. तिचं १४१ वं कलम सांगतं की निसर्गाचा आनंद घेणं, रानात आणि डोंगरी कुरणांत हिंडणं, पाण्यात नाव घालणं, आपल्यापुरती रानफळं तोडणं याची प्रत्येकाला मुभा आहे. लोक लाडाने त्याला ‘अळंब्यांचं कलम’ म्हणतात, कारण पावसाळी दिवसांत टोपली घेऊन रानात अळंबी वेचणारा प्रत्येक म्हातारा या कलमाच्या आधारावर उभा असतो. पण त्यातलं खरं वाक्य पुढचं आहे. डोंगर, तळी आणि नद्या यांच्याकडे जाणाऱ्या वाटा सर्वांसाठी मोकळ्या ठेवणं, गरज पडली तर त्यासाठी मालकी हक्कावर बंधनं घालणं आणि पायवाटा काढणं हे राज्याचं आणि गावपंचायतींचं कर्तव्य आहे.

आता आपली घटना काढा. सरोवरांचा उल्लेख तिच्यातही आहे, कलम ५१क मध्ये. १९७६ च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम वनं, सरोवरं, नद्या आणि वन्यजीव जपायला सांगतं. कुणाला? नागरिकांना. शासनासाठी वेगळं कलम आहे, त्यात पर्यावरण, वनं आणि वन्यजीव आहेत. तळी मात्र नावाने आली ती तुमच्या-माझ्या कर्तव्यांच्या यादीत. न्यायालयांनी पुढे बरंच सावरून घेतलं. १९९६ मध्ये हिमाचलातल्या बियास नदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की नद्या-किनारे-जंगलं ही जनतेची ठेव आहे आणि सरकार तिचं फक्त विश्वस्त आहे. म्हणजे कायदा नाही असं नाही. पण ग्रुपवरचा तो ‘लोकांना शिस्त नाही’वाला आणि आपलं ५१क एकाच सुरात बोलतात असं मला राहून राहून वाटतं.

आई इथे आली होती तेव्हा तिला श्लियरझेला नेलं. ‘झे’ म्हणजे तळंच. म्युनिकहून गाडीने साधारण तासाभराचा प्रवास आणि तळ्याभोवती सात किलोमीटरची सपाट वाट, त्यातली काही रेल्वेच्या रुळाशेजारून. आई रंकाळ्याची पक्की फिरणारी आहे, तीस वर्षांची. संध्यामठापासून शालिनी पॅलेसपर्यंत कुठल्या बाकावर कोण बसतं हे तिला पाठ. शाल गुंडाळून, पायांत माझ्या बायकोचे स्पोर्ट शूज घालून ती उतरली आणि पहिल्यांदा खाली बघितलं.

‘एवढा पैसा आहे यांच्याकडं, साधे ब्लॉक टाकायला झाले नाहीत होय?’

वाट खडीची होती. बारीक खडी, चुरा, कडेला गवत, मधे मधे झाडांची मुळं वर आलेली. दोन माणसं शेजारी चालतील एवढीच रुंद. पाऊस पडला की पाणी तिथल्या तिथे जिरतं. पुढच्या दोन तासांत आम्हाला एकही कारंजं दिसलं नाही, रंगीत दिवा दिसला नाही, की ‘आय लव्ह अमुक-तमुक’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं काही दिसलं नाही. बाकडी होती. एका बाकावर एक आजोबा सँडविचचा कागद उलगडत बसले होते, त्यांनी आईला मान लवून ‘ग्र्यूस गॉट’ केलं, आईने हात जोडले.

दक्षिण टोकाला एक ओढा तळ्यात उतरतो. आई तिथे थांबली, वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि वास घेतला. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नाला तळ्याला मिळतो त्या जागी आपण आधी नाकानेच बघतो.

‘वास नाही रे,’ ती म्हणाली. मग मागच्या डोंगरावरची घरं, हॉटेलं, त्यांची कौलं बघत उभी राहिली. ‘यांचं सांडपाणी जातं कुठं?’

दोन दिवस चाललेल्या त्या वादात हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता.

उत्तर शेजारच्या टेगर्नझेला नीट मिळतं. १९५० च्या दशकात तिथली परिस्थिती आपल्या ओळखीची होती. युद्ध संपलं, पैसा आला, पर्यटक आले, काठावरच्या गावांत हॉटेलं वाढली आणि सगळ्यांचा मैला तळ्यात. पाणी हिरवं पडायला लागलं. मग त्यांनी तळ्याभोवती गोल गटार टाकलं. काठावरच्या सगळ्या गावांचं सांडपाणी एका वळशाच्या नळाने गोळा करायचं, तळ्यातून नदी बाहेर पडते त्या खालच्या अंगाला नेऊन शुद्ध करायचं आणि ते पाणीसुद्धा तळ्यात नाही, पुढे नदीत सोडायचं. दशकाच्या शेवटी सुरू झालेलं काम पुढच्या दशकात पुरं झालं. फ्रान्समध्ये अनेसीच्या तळ्याची कथा तशीच. तिथल्या गावांनी १९५७ मध्ये एकत्र येऊन मंडळ केलं आणि तळ्याला नळाचा वेढा घातला. आज लोक अनेसीला ‘युरोपातलं सर्वांत स्वच्छ तळं’ म्हणून इन्स्टाग्रामवर टाकतात. त्या फोटोत गटार दिसत नाही, कारण ते दिसू नये अशाच जागी घातलेलं आहे.

म्हणून पहिल्या गटाला माझं म्हणणं असं, की तुम्ही फोटोतला वरचा थर मागताय. पवईच्या तलावाचं उदाहरण ताजं आहे. १८९१ सालचं तळं, सांडपाणी आणि जलपर्णीने गांजलेलं, आणि महापालिकेने काढलं काय, तर काठाने सायकल आणि जॉगिंग ट्रॅक. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि झालेलं बांधकाम काढायला सांगितलं. तेव्हा कितीतरी जण हळहळले की परदेशात तळ्याभोवती ट्रॅक असतात आणि आम्हाला न्यायालय करू देत नाही. अहो असतात, पण जमिनीवर. तळ्याच्या पोटात भराव घालून नाही.

दुसऱ्या गटाबद्दल मला जास्त माया आहे, पण ‘हात लावू नका’ म्हटल्याने मैला थांबत नाही. शिवाय जिथे लोकांना चालायला वाट नसते त्या तळ्याची काळजी करणारंही कुणी उरत नाही. पुण्यात कितीतरी माणसांना आपल्या सोसायटीच्या मागे तळं आहे हे डास झाल्यावर कळतं.

आता इथलं सगळं गोडगोड आहे असा समज नको. श्टार्नबेर्गर झे हे म्युनिककरांचं लाडकं तळं, लोकल ट्रेनने थेट जाता येतं. दुसरा लुडविग हा राजा १८८६ च्या जूनमध्ये आपल्या डॉक्टरसह इथेच बुडून गेला. खून, आत्महत्या की अपघात, याचा वाद अजून मिटलेला नाही आणि पाण्यात उभारलेल्या क्रुसासमोर लोक फोटो काढतात. या तळ्याच्या काठावर श्रीमंतांचे बंगले एवढे, की चालता चालता पाणी गायब होतं आणि अर्धा तास नुसती कुंपणं लागतात. घटनेतलं कलम असून ही गत. त्यावर म्युनिक आणि आसपासच्या गावांनी काढलेला उपाय मला फार शहाणा वाटतो. १९६५ पासून त्यांची एक सामाईक संस्था आहे. प्रत्येक गाव वर्गणी भरतं आणि त्या पैशातून तळ्याकाठच्या जागा मिळतील तशा लोकांसाठी घेऊन ठेवायच्या. आज आपण जिथे चादर अंथरून पोळी-भाजी खातो ती हिरवळ अशी कधीतरी मिळवलेली असते.

स्वित्झर्लंडमध्ये तर झ्युरिकच्या तळ्याभोवती सलग पायवाट हवी की नको यावर २०२४ च्या मार्चमध्ये मतदान झालं. लोकांनी चक्क ‘नको’ म्हटलं. ऑस्ट्रियातल्या व्योर्थरझेच्या काठाला सामान्य माणसाला पाय बुडवायला जागा शोधावी लागते. काठासाठी भांडण सगळीकडेच आहे, इथे ते जरा हळू आवाजात चालतं एवढंच.

आणि गर्दी? हालश्टाट हे ऑस्ट्रियातलं तळ्याकाठचं गाव, वस्ती साडेसातशेच्या आसपास. २०२३ मध्ये सेल्फीवाल्यांना वैतागून तिथे बघण्याच्या जागीच लाकडी आडोसा उभा केला होता, ओरड झाल्यावर काढला. आमच्या क्योनिग्सझेला डोंगरकड्यावर धबधब्याचं एक कुंड होतं. इन्स्टाग्रामवर गाजलं आणि झुंबड उडाली. २०१९ मध्ये तिथे दोन तरुण बुडाले. कोवळी झाडं तुडवून नव्या नव्या वाटा पडल्या, शेवटी २०२१ मध्ये ती जागा पाच वर्षांसाठी बंद केली. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ मी इथे बसून बघितला तेव्हा आठवलं ते हेच कुंड. त्यानंतर आपल्याकडेही बंदी आलीच. फरक असलाच तर इथे एक कुंड बंद झालं आणि त्याच तळ्यावरच्या बाकीच्या वाटा चालू राहिल्या. आपल्याकडे बंदी येते ती पावसाळ्याबरोबर, अख्ख्या तालुक्याला, आणि पावसाळ्याबरोबर जाते.

तुम्ही येणारच असाल, तर ग्रुप टूरच्या बसमधून उतरून वीस मिनिटांत परत चढण्यासारखी ही तळी नाहीत. स्लोव्हेनियात सगळे ब्लेडला जातात. बेटावरचं चर्च, ९९ पायऱ्या, सहा किलोमीटरचा फेरा, छानच आहे. पण तिथून पुढे बोहिंयला जा, बारा किलोमीटरच्या वाटेवर तुमच्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. क्योनिग्सझेला १९०९ पासून विजेवरच्या बोटी चालतात. मधल्या थांब्यावर, लाल घुमटांच्या चर्चपाशी, सगळी बोट रिकामी होते. तुम्ही उतरू नका. शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि तिथून मागच्या ओबरझेकडे चालायला लागा. आइबझेला शनिवार-रविवारी मात्र चुकूनही जाऊ नका, दादरचा फलाट बरा.

रंकाळ्यातल्या नंदीची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे, रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो. आई म्हणते, नाले वळवायचं कामही तसंच चाललंय. परवा तिने फोनवर सांगितलं की फिरायला गेलं की ती आता नाला मिळतो तिथे मुद्दाम थांबते, वास घेते, आणि घरी येऊन कॅलेंडरवर खूण करते. वास असेल तर फुली, नसेल तर काही नाही. या महिन्यात फुल्या किती, हे मी विचारलं नाही.

ग्रुपवर मात्र काहीतरी टाकायला हवं होतं. म्हणून गेल्या रविवारी टेगर्नझेच्या वाटेवर खाली बसलो आणि खडीत रुतलेल्या, गंज चढलेल्या, गोल लोखंडी झाकणाचा फोटो काढून पाठवला.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकाने विचारलं, ‘भावा, ह्यात तळं कुठाय?’