निसारला पाण्याखालचं काही दिसत नाही, त्या फॉरवर्डवर जुलैत ट्रॉलर काढू नका

मालवणच्या माझ्या मामेभावाने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, 'दादा, ह्या खरा काय?' त्यांच्या बंदरावरच्या ग्रुपमध्ये म्हणे सगळ्यांनी पुढे पाठवलाय. त्यात लिहिलंय की नासा-इस्रोच्या निसार उपग्रहाचा रडार ढग आणि पाणी दोन्ही भेदून समुद्रात 200 मीटर खालपर्यंत बघतो, खालचं थंड पाणी वर कुठे येतंय (अपवेलिंग) ते रोज लाइव्ह दाखवतो, जिथे अपवेलिंग तिथे तारली-बांगडा हमखास, आणि सरकार हे लपवून पावसाळी मासेमारी बंदी लादतंय.

200 मीटर? खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे रडारच्या लहरी वरच्या वरच संपतात. निसारच्या रडारची एल-बँड लहर 24 सेंटीमीटर लांबीची, ती जेमतेम सेंटीमीटरभर आत जाते, आणि युरोपच्या सेंटिनेल-1 किंवा आपल्या ईओएस-04 या रडार उपग्रहांची आखूड सी-बँड लहर तर काही मिलिमीटर. 1981 मध्ये स्पेस शटलवरच्या रडारला सहाराच्या वाळूखाली गाडले गेलेले जुने नदीपात्र दिसले होते ते खरं, पण ती कोरडी ठणठणीत वाळू होती. तीच गोष्ट कुणीतरी समुद्राला चिकटवलेली दिसतेय. आणि 'रोज लाइव्ह' म्हणाल तर निसार त्याच मार्गावर 12 दिवसांनी परत येतो.

रडार ढगातून बघतो, एवढं मात्र बरोबर आहे. पण त्याला दिसतो तो पाण्याच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा. थंड पाणी वर आलं की त्यावरची हवा स्थिर होते, वारा पाण्याला नीट घासत नाही, बारीक लहरी कमी होतात आणि तो पट्टा चित्रात काळा दिसतो, प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढल्यावर येणारा तेलकट पापुद्राही तेच करतो. पण वारा पडला तरी काळं, जहाजाचं तेल सांडलं तरी काळं, म्हणून नुसत्या काळ्या पट्ट्यावरून कुणी जाणकार अपवेलिंग म्हणत नाही, सोबत तापमानाचा नकाशा लागतो. त्यात वारा सेकंदाला 10 मीटरच्या वर गेला की लाटा सगळं ढवळतात आणि हा फरक पुसलाच जातो. जुलैत अरबी समुद्रावर वारा किती असतो ते बंदरावरच्या माणसाला मी सांगायला नको.

अपवेलिंगच्या अभ्यासात रडारचा खरा उपयोग वेगळा आहे. ओशनसॅट-2, स्कॅटसॅट-1 या उपग्रहांवरचा स्कॅटरोमीटर नावाचा रडार समुद्रावरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजायचा. आपल्या किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वारा वाहिला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी त्याच्या उजवीकडे म्हणजे खोल समुद्राकडे सरकतं आणि त्याच्या जागी खालचं वर येतं, ते किती जोरात होत असेल याचा हिशोब त्या वाऱ्यावरून मांडता येतो. सरलसारख्या उपग्रहावरचा अल्टिमीटर (उंची मोजणारा रडार) पाण्याची पातळी काही सेंटीमीटर खाली गेलेली पकडतो. हे सगळं अप्रत्यक्ष आहे, मासा यातल्या कशातच दिसत नाही.

आता 'जिथे अपवेलिंग तिथे मासा हमखास' हे, ज्याचा मला सगळ्यात राग आलाय. केरळकडे तारलीचं आणि अपवेलिंगचं नातं आहे, नाकारत नाही. पण वर येणारं पाणी खतासारखं असतं, आधी प्लँक्टन वाढतं मग मासा येतो, त्याला वेळ लागतो. आणि आपल्या बाजूचं पाणी वेगळंच वागतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांचा 2000 साली 'नेचर'मध्ये आलेला पेपर आहे, पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत सुमारे 1 लाख 80 हजार चौरस किलोमीटर भागात खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो, काही ठिकाणी तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. तळाचा मासा अशा पाण्यात थांबत नाही. शिवाय पावसाचं आणि नद्यांचं गोडसर हलकं पाणी पाच-दहा मीटर जाडीचा थर करून वर बसतं, थंड पाणी त्याच्या खालीच अडतं आणि पृष्ठभागावर पोचतच नाही. सेंटीमीटरभर आत बघणारा रडार ते कुठून दाखवणार?

बंदीचं कारण तर लपवलेलं अजिबात नाही, 1 जून ते 31 जुलै हा बऱ्याच माशांचा अंडी घालायचा काळ आणि समुद्रही खवळलेला. मासे कुठे मिळतील याची सूचना हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते, ती पाण्याचं तापमान आणि क्लोरोफिल (प्लँक्टनमधलं हिरवं द्रव्य) बघून, आणि तेसुद्धा बंदीच्या काळात आणि समुद्र खराब असताना सूचना देत नाहीत. ज्यांचं हेच रोजचं काम आहे ते थांबतात आणि नाव नसलेला एक मेसेज तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) सांगतो जा म्हणून, ट्रॉलरवर खलाशी असतात रे, त्यांच्या घरी पोरं असतात. मामेभावाला एवढंच सांगतो, तू हे त्याच ग्रुपवर टाक, आणि ज्याने पहिल्यांदा पाठवलं त्याला विचार की 200 मीटरचा आकडा त्याला कुठे मिळाला.