मोहोरावर बसला म्हणजे परागवाहक झाला असं नाही
‘आंब्याच्या मोहोरावरचे कीटक पकडून त्यांचा डीएनए वाचला की परागवाहक कोण ते कळतं,’ हे एका लेखातलं वाक्य मला पटलं नाही. कीटकाची जात ओळखायला त्याच्या सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचतात. तो कीटकाचं फक्त नाव सांगतो, आणि तेही त्याची नोंद ओळखलेल्या कीटकांच्या डीएनएच्या संदर्भसंग्रहात असेल तरच. त्याने काम काय केलं, ते त्यातून कळत नाही. मोहोरावर तुडतुडेही असतात, ते तर रस शोषून मोहोर करपवतात! कीटकाच्या अंगावरच्या परागांचा डीएनए वेगळा तपासायला हवा, आणि त्यासाठी प्रत्येक कीटक वेगळ्या नळीत ठेवायला हवा. एकाच बाटलीत सगळे घातले की पराग एकमेकांना लागतात.

आमची रत्नागिरीकडे हापूसची बाग आहे. वडील मोहोराच्या दिवसांत झाडाखाली मासळीची घाण टाकायचे, माश्या याव्यात म्हणून. शेजारी नाक मुरडायचे. मी भिंगाखाली पाहिलंय, हिरव्या माशीच्या छातीवरच्या केसांत पिवळे कण अडकलेले असतात. सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवा म्हणून सगळे सांगतात, ठेवाव्यातच. पण या हिरव्या माश्यांची मोजदाद फारशी कोणी करत नाही आणि भर मोहोरात फवारणी चालूच राहते. परागांचा डीएनए तपासणारं काम कोकणातल्या बागांमध्ये व्हायला हवं.